तंतूभोवतीचे वेढे

तान्ह्या बाळाच्या तळपायावर टाचेकडून बोटांकडे अंगठ्याने हलकी रेघ ओढली, की त्याच्या पायाचा अंगठा वर उचलला जातो आणि बाकीची बोटे पंख्यासारखी पसरतात. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीने हे कितीदा तरी पाहिलेले असते आणि तिला त्याचे कौतुकच वाटते. मोठ्या माणसाच्या तळव्यावर तशीच रेघ ओढल्यावर अंगठा वर गेला, तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञ गंभीर होतात. मेंदूकडून पायाकडे येणारी वाट कुठेतरी बिघडली आहे, असा त्याचा अर्थ असतो. बाळाच्या बाबतीत ती वाट बिघडलेली नसते, अजून पुरती तयार झालेली नसते. मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या लांबलचक तंतूंवर जे आवरण चढायचे, ते चढण्याचे काम चालू असते. मूल मान धरते, पालथे पडते, बसते, रांगते, भिंतीला धरून उभे राहते. या प्रत्येक टप्प्यावर घरात कौतुक होते. त्याच काळात आत, तंतूंभोवती वेढ्यावर वेढे बसत असतात. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत तळव्यावर रेघ ओढली की अंगठा खाली वळू लागतो.

या आवरणाचे नाव मायलिन. हे नाव १८५४ मध्ये रुडॉल्फ फिरशो या जर्मन वैद्याने दिले, मज्जा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हाडातल्या मज्जेसारखा तो मऊ, स्निग्ध पदार्थ पाहून त्यांना तो शब्द सुचला. आपण मराठीत मज्जातंतू म्हणतो, मज्जारज्जू म्हणतो. युरोपातल्या त्या वैद्याला आणि आपल्या भाषेला एकच उपमा सुचावी, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

३० मे हा जागतिक एमएस दिन. मल्टिपल स्क्लेरोसिस हा आजार म्हणजे शरीराच्या संरक्षक यंत्रणेने याच आवरणावर केलेला हल्ला. पॅरिसच्या शार्को या वैद्याने १८६८ मध्ये त्याचे नीट वर्णन केले. जगभरात या आजारासह जगणाऱ्यांची संख्या २०२० च्या गणनेनुसार सुमारे २८ लाख आहे. त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटीहून जास्त, आणि आजार सुरू होतो तो बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, मूल या सगळ्याच्या ऐन मध्यावर. सकाळी उठावे आणि एका डोळ्याने धुके पडल्यासारखे दिसावे. कमरेखाली मुंग्या याव्यात आणि त्या जाऊच नयेत. दुपारपर्यंत असा थकवा यावा, की चहाचा कप उचलणेही जड व्हावे. आणि वर भेटायला आलेल्याने म्हणावे, ‘दिसायला तर अगदी छान दिसतेस गं.’

अशा दिवशी आजाराची माहिती देणारे लेख येतात, ते यायलाच हवेत. आम्हाला आज एका बाईंविषयी लिहायचे आहे. त्यांनी हे आवरण मुळात बनते कसे, या एका प्रश्नामागे साठ वर्षे घालवली. मेरी बार्टलेट बंगी. जन्म ३ एप्रिल १९३१, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. आपल्याकडे त्यांच्या जाण्याची फारशी नोंद झाली नाही. ती उशिरा का होईना, आज व्हावी.

मायलिन कशासाठी, हे आधी सांगायला हवे. मज्जातंतूतून संदेश जातो तो विजेच्या रूपात, पण घरातल्या तारेतून वीज धावते तसा नव्हे. तंतूच्या कातडीवर जागोजाग बारीक दारे असतात. ती एकामागून एक उघडत जातात आणि लाट पुढे सरकते. उघड्या तंतूवर प्रत्येक इंचावर हे दार उघडण्याचे काम करावे लागते, म्हणून वेग सेकंदाला एखाद-दोन मीटर, आपल्या सावकाश चालण्याइतका. तंतूवर मायलिन चढले, की मधला भाग झाकला जातो. ठरावीक अंतरावर उरतात त्या छोट्या उघड्या फटी. लुई रांविए या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्या पाहिल्या म्हणून त्यांना त्याचे नाव आहे. आता संदेश एका फटीवरून थेट दुसऱ्या फटीवर उडी मारत जातो आणि वेग सेकंदाला शंभर मीटरच्याही पुढे पोचू शकतो. चटका बसताच हात मागे येतो, ठेच लागताना तोल सावरतो, तो या वेगामुळे. माकूळ, म्हणजे स्क्विड, या समुद्री प्राण्याजवळ मायलिन नाही. त्याने वेगासाठी तंतूच जाड केला, पार मिलिमीटरभर जाडीचा. आपल्याला तशा जाडीचे लक्षावधी तंतू पाठीच्या कण्यात मावले नसते. निसर्गाने जाडी वाढवण्याऐवजी गुंडाळायची युक्ती काढली.

पण गुंडाळतो कोण? हातापायांतल्या नसांमध्ये हे काम श्वान पेशी करतात. थिओडोर श्वान यांच्या नावाच्या या पेशींचा चपटा पदर तंतूभोवती गुंडाळीच्या केकसारखा फिरतो, हे १९५४ मध्ये बेटी गेरेन या अमेरिकी संशोधिकेने कोंबडीच्या भ्रूणाच्या नसांत दाखवले. मेंदूत आणि मज्जारज्जूत मात्र श्वान पेशी नसतात. तिथे काय होते? स्पेनच्या पीओ देल रीओ ओर्तेगा यांनी १९२१ मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिया नावाच्या पेशी ओळखल्या होत्या आणि मायलिन त्याच बनवत असाव्यात असा तर्कही मांडला होता. पण त्या पेशी आणि आवरण एकमेकांना जोडलेले आहेत, हे डोळ्यांनी कुणी पाहिले नव्हते. कुणी म्हणे आवरण पेशीच्या पोटात तयार होते, कुणी म्हणे तंतू स्वतःच ते बनवतो. साध्या सूक्ष्मदर्शकाला एवढे बारीक दिसत नव्हते आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नुकता कुठे जीवशास्त्राच्या हाती आला होता.

विस्कॉन्सिन विद्यापीठात मेरी शिकायला गेल्या, तेव्हा तिथे रिचर्ड बंगी नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी होता. त्याने आणि पॉल सेटलेज यांनी मांजरांवर केलेल्या प्रयोगांत एक विचित्र गोष्ट पाहिली होती. मज्जारज्जूभोवतीचे पाणी सिरिंजने वारंवार काढून परत आत सोडले, की रज्जूच्या बाहेरच्या थरातले मायलिन गळून जाते, तंतू मात्र शाबूत राहतात. मांजर लंगडते आणि पुढे सुधारते. मेरी आणि रिचर्ड यांचे १९५६ मध्ये लग्न झाले, आणि या मांजरांचे पुढे काय होते हा प्रश्न दोघांचा झाला.

या प्रयोगात जनावरांना यातना झाल्या. त्या नोंदवल्याशिवाय पुढे जाणे आम्हाला बरे वाटत नाही. आज एमएसविषयी जे कळते, त्यातले काही त्या मांजरांनी दिलेले आहे.

त्या काळच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना नेणे हे हाताच्या कसबाचे काम होते. ऊतकाचा कण ऑस्मियमने काळा करायचा, रेझिनमध्ये घट्ट बसवायचा, मग काचेच्या ताज्या तुटलेल्या धारेने त्याचे पापुद्रे काढायचे. पापुद्रा पाण्यावर तरंगत येतो आणि त्याचा रंगच त्याची जाडी सांगतो. सोनेरी दिसला तर जरा जाड, चंदेरी दिसला तर नेमका. चंदेरी म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ. जोराने श्वास सोडला तरी तो उडून जातो. असे पापुद्रे तांब्याच्या बारीक जाळीवर उचलायचे, एकेक पाहायचा, फोटो काढायचा, आणि हे महिनोन्‌महिने. हान्स रिस या कुशल सूक्ष्मदर्शकतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत मेरींनी हे काम केले.

त्या फोटोंत त्यांना दिसले ते असे. सुमारे तीन आठवड्यांनी उघड्या पडलेल्या तंतूंभोवती पुन्हा वेढे बसू लागतात. दोनेक महिन्यांत बहुतेक सगळ्या तंतूंवर पातळ का होईना, आवरण येते. आणि ते आणणारी पेशी तंतूभोवती आपला पदर फिरवते, अगदी बाहेरच्या नसांत श्वान पेशी फिरवते तसाच. प्रौढ प्राण्याच्या मध्यवर्ती मज्जासंस्थेत गेलेले मायलिन परत येते! त्या वेळच्या वैद्यकात मेंदू आणि मज्जारज्जू म्हणजे एकदा मोडले की कायमचे मोडले, अशी पक्की समजूत होती. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधात पहिले नाव मेरी यांचे आहे, दुसरे रिचर्ड यांचे, तिसरे रिस यांचे.

याच निबंधात एक रेखाचित्र आहे. मध्ये एक पेशी. तिचे हात वेगवेगळ्या दिशांना गेलेले, प्रत्येक हात एकेका तंतूभोवती गुंडाळलेला, आणि एका ठिकाणी वेढे कापून आतली रचना दाखवलेली. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ते चित्र पिढ्यानपिढ्या छापले जात आहे. ते पाहून परीक्षा दिलेल्या किती डॉक्टरांना त्यामागच्या बाईंचे नाव ठाऊक असेल? संदर्भात नुसते ‘बंगी’ एवढेच येते, आणि कोणते बंगी हे सहसा कुणी विचारत नाही. १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून त्यांनी वाढत्या वयाच्या प्राण्यांत पेशी आणि आवरण यांचा सलग जोड फोटोत दाखवला. त्या निबंधातही पहिले नाव मेरी यांचेच. ओर्तेगा यांचा चाळीस वर्षांपूर्वीचा तर्क तिथे सिद्ध झाला.

एवढ्यावर एखाद्याचे नाव कायमचे झाले असते. मेरी मात्र मागे वळल्या, आणखी मुळाकडे. १९७० मध्ये दोघे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे त्यांची प्रयोगशाळा एका गोष्टीत रमली. उंदराच्या पाठीतल्या मज्जागंडातून तंतूपेशी आणि श्वान पेशी वेगवेगळ्या काढायच्या, पेट्री डिशमध्ये वाढवायच्या आणि मग एकत्र आणायच्या. शरीराबाहेर, डोळ्यांदेखत, मायलिन बनताना पाहायचे.

या वीस वर्षांत काय मिळाले, हे सांगायला सोपे नाही, कारण त्यात एकही ठळक बातमी नाही. श्वान पेशीला तंतूचा स्पर्श झाला, की ती विभागू लागते. तंतू नसेल तर ती मायलिन बनवत नाही. ती स्वतःभोवती आधी एक पातळ अस्तर विणते आणि ते अस्तर झाल्यावरच गुंडाळू लागते. पण डिशमध्ये हे अस्तर काही केल्या नीट येईना. अखेर उत्तर निघाले क जीवनसत्त्वात. डिशमध्ये एस्कॉर्बिक आम्ल घातले की अस्तर तयार होते आणि मागोमाग मायलिन येते. आवळ्यात, लिंबात, पेरूत असते तेच हे.

पण आम्हाला सर्वांत मोहवतो तो १९८९ चा शोध. वेढे बसतात हे ठाऊक होते, पण पेशीचे कोणते टोक फिरते? फेटा बांधताना प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्यावर बसतो. आवरणही तसेच बाहेरून चढत असावे, असे वाटणे साहजिक होते. बंगी दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिशमधल्या एकेका जिवंत श्वान पेशीवर दिवसच्या दिवस नजर ठेवली. पेशीचे केंद्रक तंतूभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालताना दिसले. त्याच्या फिरण्याच्या दिशेवरून त्यांनी अनुमान काढले, की पुढे सरकते ते आतले टोक, तंतूला चिकटलेले. ते जुन्या वेढ्यांच्या खाली शिरत जाते. म्हणजे नवा वेढा सगळ्यांत आत बसतो आणि जुने वेढे बाहेर ढकलले जातात. पाव शतकाने, २०१४ मध्ये, जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी मध्यवर्ती मज्जासंस्थेतही हेच घडताना दाखवले. एवढ्या चिमुकल्या हालचालीसाठी इतका धीर धरणे, आणि त्यात आनंद मानणे, हे आम्हाला साधनेसारखे वाटते.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न संशोधकाला सगळीकडे विचारला जातो, आपल्याकडे जरा जास्तच. निधी देणारा विचारतो, विद्यापीठ विचारते, घरचेही विचारतात. मेरी बंगी यांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. १९८५ मध्ये मार्क ब्वॉनिकाँटी या तरुण फुटबॉल खेळाडूची मान मैदानावर मोडली आणि तो मानेखाली लुळा पडला. त्याचे वडील निक मायामी डॉल्फिन्स या संघाचे नावाजलेले खेळाडू. त्यांनी आणि बार्थ ग्रीन या शल्यविशारदाने मायामी विद्यापीठात पाठीच्या कण्याच्या इजेवर संशोधन करणारी संस्था उभी केली, ‘मायामी प्रोजेक्ट’. १९८९ मध्ये बंगी दांपत्य तिथे गेले. डिशमधल्या वीस वर्षांचा जमाखर्च आता एका नव्या प्रश्नापुढे उभा राहिला. श्वान पेशी हातापायांच्या नसा दुरुस्त करतात. त्याच पेशी मज्जारज्जूच्या तुटलेल्या जागी नेऊन ठेवल्या तर?

त्यांनी उंदराचा मज्जारज्जू पूर्ण कापून दोन टोकांमध्ये श्वान पेशींनी भरलेली बारीक नळी बसवली, पुलासारखी. १९९७ च्या निबंधात त्याचा निकाल आला. तुटलेले तंतू त्या पुलात वाढत आले, त्यांच्यावर मायलिनही चढले. पण पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचल्यावर ते थबकले. पुढच्या मज्जारज्जूत उतरेनात. श्वान पेशींच्या सहवासात तंतू रमतात, पण पलीकडच्या जखमेच्या वणात त्यांना पाऊल टाकवत नाही. अनेक संशोधनांचा उत्साह इथेच मावळला असता. त्याआधीच, १९९६ मध्ये, रिचर्ड यांचे निधन झाले होते. मेरी तेव्हा पासष्टीच्या होत्या. त्यांनी निवृत्ती घेतली नाही. तंतूंना पुलावरून उतरवण्यासाठी वेगवेगळी रसायने, वाढीचे घटक आणि जोड-उपचार तपासायला त्या लागल्या आणि पुढची दीडेक दशके तपासत राहिल्या.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने माणसांवरच्या चाचणीला परवानगी दिली. पद्धत अशी: पाठीला नुकतीच इजा झालेल्या रुग्णाच्या पोटरीतल्या एका नसेचा तुकडा काढायचा. त्यातल्या श्वान पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या. मग त्याच रुग्णाच्या मज्जारज्जूत, इजेच्या जागी, त्या सोडायच्या. रुग्ण सहा, आणि पेशींची मात्रा ५० लाखांपासून दीड कोटीपर्यंत. २०१७ मध्ये निष्कर्ष छापले गेले. उपचार सुरक्षित आहे, पेशींमुळे अपाय झाल्याचे आढळले नाही. बस, एवढेच. कुणी उठून चालू लागले नाही आणि तसा दावाही कुणी केला नाही.

हे ‘एवढेच’ आम्हाला फार मोलाचे वाटते. आपल्या देशात एमएस आणि पाठीच्या इजांवर मूलपेशींच्या ‘चमत्कारी’ इंजेक्शनांचे दुकान मांडलेली ठिकाणे आहेत. घरातले सोने मोडून, जमिनीचा तुकडा विकून लोक तिथे जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे, की रक्ताच्या काही ठरावीक विकारांखेरीज मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. मूळ प्रश्नाला पन्नासहून अधिक वर्षे दिलेल्या बाईंच्या हातून घडलेली चाचणी सहा रुग्णांत केवळ ‘अपाय नाही’ एवढे सांगते, तेव्हा भिंतीवर रंगीत पोस्टर लावून खात्री देणारा कशाच्या जोरावर बोलतो, हे विचारायचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. सरकारी यंत्रणेने त्याच्या वतीने हे आधीच विचारायला हवे होते.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात एमएसचे प्रमाण इतर भारतीयांहून बरेच जास्त आहे, हे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्येच दाखवले होते. भारतीय एमएस संस्थेचा जन्म १९८५ चा, मुंबईतला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचे नाव स्वतंत्रपणे आले, त्यामागे अशा रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची वर्षानुवर्षांची पायपीट आहे.

आणि श्वान पेशी? महाराष्ट्राशी तर त्यांचे नाते फार जुने आहे, नावाने नसेल, दुःखाने आहे. कुष्ठरोगाचा जंतू नसांत शिरतो तो याच पेशींत घर करून. कातडीवर फिकट चट्टा पडतो आणि तिथे स्पर्श कळत नाही. कोपराच्या मागची नस बोटाखाली दोरीसारखी जाड लागते. चुलीवरचे भांडे उतरवताना हात भाजला तरी कळत नाही, आणि मग जखमा, मग झडलेली बोटे, मग गावाबाहेर काढणे. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभे केले, ते या झडलेल्या बोटांच्या माणसांसाठी. मुंबईत डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे वाकडे हात शस्त्रक्रियेने सरळ करता करता रोगाचे मूळ नसेत शोधायला हवे हे ओळखले. त्यांनी स्थापन केलेल्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये १९८० च्या दशकात श्वान पेशी डिशमध्ये वाढवून त्यांत कुष्ठजंतू कसा वागतो हे पाहिले गेले. सेंट लुइसमध्ये बंगी दांपत्य त्याच सुमारास त्याच पेशींकडे पाहत होते. एकीकडे आवरण बनते कसे हा प्रश्न होता, दुसरीकडे ते मोडते कसे हा. पेशी एकच.

एमएसच्या बाबतीत १९६१ च्या त्या फोटोंनी जे वचन दिले, ते अजून पुरते फळाला आलेले नाही. १९९३ पासून आजाराचा वेग रोखणारी औषधे आली, आणि ती चांगली होत गेली. ती संरक्षक यंत्रणेला आवर घालतात. गेलेले मायलिन परत चढवणारे औषध मात्र अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेले नाही. सर्दी-ॲलर्जीवरच्या क्लेमास्टिन या जुन्या गोळीने डोळ्याच्या नसेतला संदेश किंचित लवकर पोचू लागला, असे सॅन फ्रान्सिस्कोतल्या ५० रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसले. सुधारणा थोडी होती, पण दिसली. ज्यांना आज हा आजार आहे, त्यांना धीर धरा म्हणणे सोपे आहे, आणि ते म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यांना आज रॅम्प हवा, दिव्यांग प्रमाणपत्र हेलपाट्यांविना हवे, परवडणारी औषधे हवीत, कामावर दुपारी तासभर पाठ टेकायला जागा हवी. संशोधनासाठी थांबायचे ते समाजाने थांबावे, निधी न आखडता.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसे अचानक पायांतले बळ जाऊन रुग्णालयात दाखल होऊ लागली. गियाँ-बारे सिंड्रोम. जीबीएस ही तीन अक्षरे त्या महिन्यात पुण्यात प्रत्येक घरात पोचली. दूषित पाण्यातून पोटात गेलेल्या जंतूशी लढताना शरीर आपल्याच नसांवर उलटते. काहींत मार तंतूवर बसतो, काहींत त्याच्या आवरणावर. दोनशेहून अधिक रुग्ण झाले, काही दगावले, काही व्हेंटिलेटरवर आठवडेच्या आठवडे राहिले. इम्युनोग्लोब्युलिनच्या महागड्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक धावत होते. बरेच जण पुढे हळूहळू उठून बसले, वॉकर धरून उभे राहिले.

ज्यांच्या आवरणाला इजा झाली होती, त्यांच्या नसांत त्या आठवड्यांत श्वान पेशी विभागत होत्या, मोडलेल्या मायलिनचा कचरा उचलत होत्या, आणि मग एकेकीचे आतले टोक उघड्या तंतूला चिकटून फिरू लागले होते. नवे वेढे जुन्यांपेक्षा कमी बसतात, आवरणाचा एकेक तुकडाही आखूड असतो. १९६१ च्या त्या काळ्या-पांढऱ्या फोटोंतही नवे आवरण असेच पातळ होते. फिजिओथेरपिस्टने बगलेत हात घालून उभे केलेला माणूस वॉर्डच्या लांबट बोळातून निघतो, उजवा पाय, थांबा, डावा पाय, आणि टाच टेकताना त्याला पहिल्यांदाच फरशीचा गारवा कळतो.